माया नगरांच्या वाटा

मध्य अमेरिकेच्या अरण्यांत अलीकडे एक नव्या प्रकारची सहल रूढ झाली आहे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पांत, बेलीझमध्यें आणि ग्वाटेमालाच्या उत्तर भागांत प्रवासी सकाळीं हॉटेलांतून निघतो, डोक्याला शिरस्त्राण बांधतो, चार रुंद चाकांच्या उघड्या मोटारसायकलीवर किंवा जीपमध्यें बसतो, आणि वाटाड्याच्या मागोमाग डांबरी सडक सोडून मुळांच्या, चिखलाच्या, चुनखडीच्या वाटेनें झाडींत शिरतो. दोन-तीन तास अंग खिळखिळें झाल्यावर झाडी विरळ होते आणि समोर हजार-बाराशें वर्षांपूर्वींचें एखादें देवालय उभें राहतें. दुपारीं नैसर्गिक विहिरींत पोहणें, एखाद्या खेड्यांत मक्याच्या भाकरीचें जेवण, आणि संध्याकाळीं परत. साहस आणि संस्कृति या दोन्ही गोष्टी एकाच तिकिटांत मिळतात, असें या सहलींच्या जाहिराती सांगतात.

या सहलींकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. धक्के खात, चिखल उडवीत, रानांतून वाट काढीत जाण्यांत जो आनंद आहे तो निर्मळ आहे. सह्याद्रीच्या घाटवाटा तुडविणाऱ्यांना तो समजावून सांगावयास नको. शिवाय ज्या मनुष्यानें माया संस्कृतीवरचें एकही पुस्तक कधीं उघडलें नसतें, तो केवळ गाडी चालविण्याच्या ओढीनें एका प्राचीन नगराच्या दाराशीं पोंचतो, हाही एक लाभच होय. परंतु एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. ही वाहनें ज्या वाटेनें जातात ती वाट मूळची कोणाची, ती कोणीं पाडली, आणि उद्यां ती कोणाला कोठें नेईल? त्या वाटेचा इतिहास पाहिला म्हणजे या सहलीचें मोल आणि तिचा धोका, दोन्ही ध्यानांत येतात.

माया हें नांव ऐकतांच मराठी श्रोत्याला मयासुराची आठवण होणें स्वाभाविक आहे. इंद्रप्रस्थास पांडवांची सभा उभारणारा तो शिल्पी आणि पिरॅमिडसारखीं देवळें रचणारे हे अमेरिकेंतील शिल्पी, यांचें नातें जोडण्याचा मोह पुष्कळांना झालेला आहे. परंतु उच्चाराच्या सारखेपणापलीकडे त्याला आधार नाहीं. मायापान नांवाची त्या लोकांची एक उत्तरकालीन राजधानी होती. माया हा शब्द तिकडचा आहे आणि ती विद्याही तिकडचीच आहे. इ. स. २५० ते ९०० या काळांत तिकाल, पॅलेन्के, कोपान, काराकोल अशीं नगरें भरभराटीस आलीं. या लोकांनीं स्वतःची लिपि घडविली, शून्य ओळखलें, आणि सूर्य, चंद्र व शुक्र यांच्या गतीचें सूक्ष्म गणित मांडलें. नवव्या शतकांत दक्षिणेकडील नगरें एकामागून एक ओस पडलीं. तिकाल येथील शेवटचा कालोल्लेख असलेला शिलास्तंभ इ. स. ८६९ चा आहे.

नगरें ओस पडलीं, परंतु लोक नाहींसे झाले नाहींत. उत्तरेकडे चिचेन इत्सासारखीं नगरें पुढेंही नांदत राहिलीं. ग्वाटेमालांतील पेतेन इत्सा या सरोवरांतल्या बेटावर शेवटचें स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांनीं जिंकलें तें १६९७ सालीं. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यांत होते त्या सुमारास. आजही लाखों लोक सुमारें तीस माया भाषा घरांत बोलतात, तोच मका पिकवितात, आणि त्याच देवतांना पावसासाठीं आळवितात. ‘लुप्त झालेली माया संस्कृति’ हे जाहिरातींतील शब्द म्हणूनच खरे नाहींत. पुष्कळदां ज्या वाटाड्याच्या मागें प्रवासी गाडी हांकीत असतो, तो वाटाड्याच त्या शब्दांना चालतें-बोलतें उत्तर असतो.

आतां त्या वाटांकडे वळावें. उत्तर युकातानची भूमि म्हणजे चुनखडीची एक अफाट फरशी आहे. तिच्यावर नदी नाहीं, ओढा नाहीं. पावसाचें पाणी खडकांत मुरून खालच्या भुयारांतून वाहतें, आणि जेथें भुयाराचें छत कोसळलें तेथें निळ्याशार पाण्याचे डोह उघडे पडतात. माया भाषेंत त्यांना ‘झोनोत’ म्हणतात. स्पॅनिशांनीं त्याचें ‘सेनोते’ केलें. अशा भूमींत माया लोकांनीं रस्ते बांधले. दोन्ही बाजूंस दगडांच्या भिंती रचावयाच्या, मध्यें भराव घालावयाचा आणि वरून पांढऱ्या चुनखडीचा थर चोपून बसवावयाचा, अशी त्यांची रीत होती. त्या रस्त्याला ते ‘साकबे’ म्हणत. ‘साक’ म्हणजे पांढरा आणि ‘बे’ म्हणजे वाट. कोबा या नगरापासून याशुनापर्यंत गेलेली पांढरी वाट सुमारें १०० किलोमीटर लांबीची आहे, आणि रानानें झांकली गेली असली तरी तिचा मागोवा आजही घेतां येतो.

मौजेची गोष्ट अशी कीं या रस्त्यांवरून एकही चाक कधीं फिरलें नाहीं. घोडा, बैल, गाढव यांपैकीं एकही प्राणी स्पॅनिश येण्यापूर्वीं त्या देशांत नव्हता. सारें ओझें माणसाच्या पाठीवर, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधारानें वाहिलें जाई. ज्यांच्याजवळ गाडी नव्हती त्यांनीं अरण्यांतून सरळ, उंच, रात्रींही चांदण्यांत दिसणारे रस्ते बांधले. आणि आज ज्यांच्याजवळ चार चाकें व पेट्रोल आहे ते रस्ता सोडून जाण्यांत पुरुषार्थ मानतात. काळाची ही थट्टा लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

बाहेरच्या जगाला या नगरांची खरी ओळख झाली तीही अशाच एका खडतर प्रवासामुळें. जॉन लॉइड स्टीव्हन्स हा अमेरिकन वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार १८३९ सालीं मध्य अमेरिकेंत उतरले आणि खेचरांवर बसून निघाले. पावसानें वाटा दलदल झालेल्या, खेचरें पोटापर्यंत चिखलांत रुतत, हिंवतापानें दोघेही हैराण. कोपानला पोंचल्यावर स्टीव्हन्सनें तें सारें उद्ध्वस्त नगर तेथील भाडेकऱ्याकडून ५० डॉलरांस घेतलें! कॅथरवुड गुडघाभर चिखलांत उभा राहून शिलास्तंभांचीं चित्रें काढी. १८४१ सालीं स्टीव्हन्सचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें आणि त्यानें वाचकांना वेड लावलें. इजिप्तचे लोक, इस्राएलच्या हरवलेल्या जमाती अशा नाना कल्पना त्या वेळीं प्रचलित होत्या. स्टीव्हन्सनें मात्र स्पष्ट सांगितलें कीं हीं नगरें याच देशांतल्या लोकांच्या पूर्वजांनीं बांधलीं आहेत.

त्याच प्रवासांतील एक प्रसंग आजच्या सहलीच्या दृष्टीनें विशेष बोधक आहे. पॅलेन्केच्या वाटेवर डोंगरांत प्रवाशाला खुर्चींत बसवून ती खुर्ची पाठीवर घेऊन चालण्याची चाल होती. स्टीव्हन्सही अशा खुर्चींत बसला. परंतु वाहणाऱ्या माणसाचा श्वास जड होत चाललेला, त्याचे पाय कांपत असलेले, आणि बाजूला दरीची खोली. हें पाहून त्याला तें बसणें नकोसें झालें आणि तो खालीं उतरला. माया नगरांकडे नेणारें पहिलें ‘वाहन’ हें असें माया माणसाचीच पाठ होतें. वाहनें बदललीं, पण प्रवासाचा भार कोण वाहतो हा प्रश्न बदललेला नाहीं.

स्टीव्हन्सनंतर अरण्यांत वाटा पाडल्या त्या एका फळझाडानें, आणि तें झाड मराठी घरांना परकें नाहीं. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत जें चिकूचें झाड हौसेनें लावलेलें दिसतें, तेंच या अरण्यांत आपोआप उगवतें. चिकू हें नांवही तिकडूनच, स्पॅनिश भाषेच्या द्वारें, आपल्याकडे आलें. त्याचें लांकूड इतकें टणक कीं तिकालच्या देवळांतील दारांवरच्या कोरीव तुळया या लांकडाच्या असून त्यांपैकीं कांहीं हजार वर्षांहून अधिक काळ टिकल्या. या झाडाच्या सालीवर तिरकस खांचा पाडल्या असतां पांढरा चीक ओघळतो. तो आटवून त्याच्या वड्या करीत. त्याचें नांव ‘चिक्ले’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेंत च्युइंगगम चघळण्याची टूम निघाली, आणि ती पुरविण्यासाठीं हजारों मजूर पावसाळ्याचे महिने या रानांत काढूं लागले.

त्यांना ‘चिक्लेरो’ म्हणत. झाडापासून झाडापर्यंत आणि तळापासून तळापर्यंत त्यांनीं खेचरांच्या वाटा पाडल्या, आणि त्या पाडतांना त्यांच्या कोयत्याला कोरीव दगड लागले. पुराणवस्तु-संशोधक सिल्व्हेनस मॉर्ले यानें तर अशी खबर आणणाऱ्या चिक्लेरोस बक्षीस लावलें होतें. १९१६ सालीं त्यानें जगापुढें आणलेलें वाशाक्तुन हें नगर अशाच मार्गानें सांपडलें. बेलीझमधील काराकोल हें विशाल नगर १९३७ सालीं महोगनीचीं झाडें शोधणाऱ्या एका लांकूडतोड्याला आढळलें. पुस्तकांत संशोधकांचीं नांवें मोठ्या अक्षरांत छापलीं जातात. परंतु त्यांच्या पुढें चालणारा कोयतेवाला प्रायः निनांवीच राहिला. पुढें कृत्रिम गोंद निघाला आणि चिक्लेचा व्यापार बसला. त्या ओस पडलेल्या खेचरवाटांवरूनच आज कांहीं ठिकाणीं प्रवासी जात आहेत.

अशी सहल प्रत्यक्ष कशी चालते? कोरडा ऋतु साधारणतः डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो. पाऊस लागला म्हणजे चुनखडीवरील मातीचा थर साबणासारखा निसरडा होतो, आणि चांगला वाटाड्या सरळ नकार देतो. तो स्वतः पुढें असतो. बाकीचीं वाहनें एकामागें एक, अंतर राखून येतात. बाजूला वळावयाचें नाहीं, पुढच्याला मागें टाकावयाचें नाहीं, हा पहिला नियम. खडकाच्या धारदार कडा चाकें फाडतात आणि वेली हाताला कापतात.

परंतु जाणकारांच्या मतें सहलीचा उत्तम भाग यंत्र बंद केल्यावर सुरू होतो. इंजिनाची घरघर थांबली म्हणजे प्रथम कांहींच ऐकूं येत नाहीं. मग हळूहळू अरण्य बोलूं लागतें. दूर कोठेंतरी हुंकारणाऱ्या माकडांची टोळी गर्जत असते. तो आवाज नवख्याला वाघाचाच वाटतो. वाटाड्या एखाद्या जुन्या चिकूच्या बुंध्यावरील, आतां भरून आलेल्या खांचा दाखवितो. तो कोपाल झाडाचा राळेसारखा चीक बोटावर देतो. हाच धूप त्याचे पूर्वज जाळीत आणि तो स्वतःही जाळतो. मग एखाद्या पांढऱ्या सांवरीखालीं तो थांबतो. कोंकणांत जिच्या शेंगांतला कापूस उशांत भरतात तीच ही सांवर. माया लोकांच्या मतें ती पाताळ, पृथ्वी आणि स्वर्ग यांना जोडणारा विश्वस्तंभ आहे. एवढें समजल्यावर पुढें दिसणारें देवालय वेगळें दिसूं लागतें. अरण्य हा त्या नगरावर पडलेला पडदा नव्हे. तें नगर ज्या द्रव्यांचें आणि ज्या श्रद्धांचें बनलें, तीं सारीं त्या अरण्यांतच आहेत.

आणि येथेंच धोक्याचें मूळ आहे. २०१८ सालीं संशोधकांनीं उत्तर ग्वाटेमालावरून विमानें नेऊन, लेसर-किरणांनीं झाडीखालच्या जमिनीचा नकाशा काढल्याचें जाहीर केलें. २,००० चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्रांत ६०,००० हून अधिक बांधकामें दिसून आलीं: घरें, बांध, तट, तळीं, रस्ते. म्हणजे ज्याला प्रवासी नुसतें रान समजतो तें पुष्कळ ठिकाणीं झोंपलेलें गांव आहे. ज्या उंचवट्यावरून गाडी उडवण्यांत त्याला मौज वाटते, तो उंचवटा एखाद्या कुटुंबाच्या घराचा चौथरा असूं शकतो. आणि माया लोक आपले मृत पुष्कळदां घराच्या जमिनीखालींच पुरीत. चाकाला हें कळत नाहीं. वाट सोडून बाजूला न जाण्याचा वाटाड्याचा नियम केवळ प्रवाशाच्या हाडांसाठीं नसतो, तो त्या हाडांसाठींही असतो.

दुसरा धोका पाण्याचा. युकातानमध्यें जमिनीवर सांडलेलें तेल कोठें वाहून जात नाहीं. तें सच्छिद्र खडकांतून थेट त्या पाण्यांत उतरतें, जें सारें द्वीपकल्प पितें. म्हणूनच पुष्कळ सेनोत्यांवर पोहण्यापूर्वीं अंगाला चोपडलेलें मलम धुवून काढावयास लावतात. याच भूमीवरून अलीकडे सुमारें १,५०० किलोमीटर लांबीचा ‘माया रेल्वे’ मार्ग टाकण्यांत आला व डिसेंबर २०२३ पासून तो टप्प्याटप्प्यानें सुरू झाला. त्याच्या एका भागांत गुहांचीं छतें भेदून पोलादी खांब थेट भुयारांत उतरविले गेले. एका मोटारसायकलीचें पाप त्यापुढें क्षुल्लक वाटेल; परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच विसर आहे, आणि तो म्हणजे या भूमीचा खरा संसार तिच्या पृष्ठाखालीं चालतो याचा.

तिसरा धोका सर्वांत मोठा. अरण्यांत वाट रुंद झाली म्हणजे तिच्यावरून केवळ प्रवासीच जातात असें नाहीं. ग्वाटेमालानें १९९० सालीं सुमारें २१,००० चौरस किलोमीटरांचें ‘माया राखीव अरण्य’ घोषित केलें. त्याच्या पश्चिम भागांत, जेथें कागदावर सर्वांत कडक बंदी होती, तेथेंच रस्त्यांच्या मागोमाग गुरांचे मळे आले, आगी लागल्या, आणि विस्तीर्ण रान बोडकें झालें. उलट जेथें गांवकऱ्यांनाच अरण्याचा ताबा कराराने दिला गेला, तेथें तें बहुतांशी उभें आहे. कार्मेलिता हें त्यांतलें एक गांव. तें मुळांत चिक्लेरोंचा तळ होता. १९९७ सालीं तेथील सहकारी संस्थेला अरण्याचा मक्ता मिळाला. मोजकीं झाडें तोडणें, शोभेचीं पानें गोळा करणें, थोडें चिक्ले काढणें, आणि प्रवाशांना एल् मिरादोर या प्राचीन नगराकडे नेणें, हे त्या गांवाचे उद्योग आहेत. ज्याचें पोट उभ्या झाडावर अवलंबून आहे तो आगीवर पहारा ठेवतो, हें साधें अर्थशास्त्र येथें खरें ठरलें आहे.

कोबालाही असाच एक मध्यम मार्ग दिसतो. तेथील देवालयें झाडींत एकमेकांपासून बरींच दूर आहेत. स्थानिक गांवकरी प्रवाशांना सायकली भाड्यानें देतात, किंवा तीनचाकी सायकलींत बसवून स्वतः पायडल मारीत नेतात. ज्या पांढऱ्या वाटांवर कधीं चाक नव्हतें तेथें हें हलकें, आवाज न करणारें चाक शिरलें, आणि त्याचा पैसा गांवांत राहिला. येथेंही एकाच्या श्रमावर दुसरा बसलेला असतो, हें खरें. परंतु त्या वाहनाचा दर आणि त्याचा थांबा सांगणारा माणूस त्याच गांवचा असतो. स्टीव्हन्सच्या खुर्चीच्या तुलनेनें हा फरक लहान नव्हे.

सारांश, यंत्राच्या साहससहली मुळांतच वाईट आहेत असें म्हणतां येणार नाहीं. किनाऱ्यावरील हॉटेलांचीं बांधकामें सोडून आपल्याच रानांत मानानें कमाई करण्याची संधि त्यांनीं कित्येक माया तरुणांना दिली आहे. वाईट आहे तें वाट कोणाची हें न विचारतां जाणें. जो कोणी मराठी कुटुंबांतला प्रवासी तिकडे जाईल, त्यानें तिकीट घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. वाहनें कोणत्या वाटेनें जातात आणि अवशेषांपासून किती दूर थांबतात? वाटाड्या कोणत्या गांवचा, आणि घरीं तो कोणती भाषा बोलतो? भाड्यांतला वांटा त्या गांवाला मिळतो काय? उत्तर देतांना जो चांचरतो त्याची गाडी कितीही झगझगीत असली तरी ती सोडून द्यावी. तसेंच तिकालच्या चौकांत ज्या वर्तुळावर काजळीचे डाग दिसतात, तेथें आजही माया कुटुंबें कोपाल जाळून प्रार्थना करतात. अशा वेळीं चित्रें घेण्याचें यंत्र खिशांत ठेवावें, जसें आपल्या देवघराशीं परक्यानें ठेवावें असें आपणांस वाटतें.

आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठीं कार्मेलिताची वाट आहे. तेथून एल् मिरादोरपर्यंत मोटारीचा रस्ता नाहीं. पायीं किंवा खेचराच्या सोबतीनें जावें लागतें, आणि एका बाजूचे दोन दिवस लागतात. शेवटीं ला दांता नांवाचें, ७२ मीटर उंचीचें, दोन हजार वर्षांपूर्वींचें देवालय चढून गेलें म्हणजे चारी दिशांना क्षितिजापर्यंत हिरवें छत पसरलेलें दिसतें. त्यांत मधूनमधून कांहीं टेंकड्या वर आलेल्या असतात. त्या टेंकड्या नाहींत, हें बरोबरचा वाटाड्या तेथें उभा राहून सांगतो. आणि त्या अजून झांकलेल्या आहेत याचें त्याला दुःख नसतें.